विक्री वाढली, शिल्लक का नाही? दुकान ऑनलाइन नेल्यावर बदलणारा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: दादर पश्चिमेला कुर्ते आणि ड्रेसचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी मोठ्या ऑनलाइन बाजारांवर नोंदणी केली. एकूण विक्री चांगली वाढली, पण वर्षअखेरीला हातात राहणारी रक्कम जवळपास तेवढीच. ई-कॉमर्समुळे किरकोळ व्यवसायाची कामगिरी खरंच सुधारते का, आणि हे पुढे चालवावं की बंद करावं?

सुधारते, पण आपोआप नाही. ऑनलाइन विक्रीत प्रत्येक नगामागे सुटणारी रक्कम इतकी बारीक असते की रिटर्न, चुकीचा साठा आणि अडकलेले पैसे यांपैकी एकाकडे जरी दुर्लक्ष झालं तरी ती पूर्ण खाल्ली जाते. काउंटरवर तसं होत नाही, कारण तिथे नगामागे मोठी रक्कम सुटते आणि बारीक चुका तिच्यात झाकल्या जातात. म्हणून आधी एका नगाचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. तुमचे खरे आकडे सेलर पॅनेलवरच्या, म्हणजे ऑनलाइन बाजारावरच्या तुमच्या विक्रेता-खात्यातल्या, पेमेंट रिपोर्टमध्ये मिळतील, ते घालून हीच मांडणी करा.

कुर्ता ग्राहकाला ७९९ रुपयांना जातो. त्यात ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे तुमची विक्री ७६१ रुपये. खरेदी ३८०. कमिशन १२०, ठरीव शुल्क ३०, कुरिअर ७५, पिशवी-लेबल-टेप मिळून १२. ही सगळी रक्कम वजा केली की १४४ उरतात. जाहिरातीचा खर्च ऑर्डरमागे ६० धरा. इथपर्यंत बहुतेक दुकानदार येतात, नगामागे ८४ रुपये सुटतात असं समजतात आणि थांबतात.

आता एक कुर्ता सोडून १०० शिपमेंट धरा. त्यातल्या १० ग्राहकापर्यंत न पोचताच परत येतात. याला धंद्यात सगळे आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. आणखी १२ पार्सलं ग्राहक उघडून बघतो आणि परत पाठवतो. टिकले ७८. त्यांचे १४४ प्रमाणे ११,२३२ रुपये झाले. जाहिरात मात्र सगळ्या १०० वर लागली, ६,००० रुपये. आरटीओच्या दहा पिशव्यांचे १२० गेले. ग्राहकाकडून परत येणाऱ्या १२ नगांवर परतीचं कुरिअर १२० आणि पिशवी १२ धरली तर १,५८४. परत आलेल्या २२ पैकी ४ नग नवे म्हणून विकता येत नाहीत, कारण डाग असतो, टॅग तुटलेला असतो, अत्तराचा वास असतो; नगामागे २०० तोटा धरला तर ८००. शेवटी राहिले २,७२८ रुपये, म्हणजे टिकलेल्या नगामागे ३५.

पॅकिंगसाठी १८,००० पगारावर एक माणूस ठेवला, तर नुसता त्याचा पगार निघायला महिन्याला साधारण ५१५ नग टिकले पाहिजेत. त्यासाठी ६६० शिपमेंट, म्हणजे कामाच्या २६ दिवसांत रोज २५. रोज दहा-बारा ऑर्डर असतील आणि त्यासाठी वेगळा माणूस ठेवला असेल, तर ‘विक्री वाढली पण शिल्लक नाही’ याचं अर्धं उत्तर इथेच आहे. ऑर्डर कमी असतील तोवर पॅकिंग काउंटरवरच्याच माणसांनी करावं, पण ठरलेल्या वेळेत. दुकान उघडल्यावर पहिले दोन तास गिऱ्हाईक कमी असतं, ते या कामाला द्या. संध्याकाळी सहाला गर्दीत मधूनमधून पॅकिंग केलं की चुकीचा साइज जातो आणि समोरचं गिऱ्हाईकही नाराज होऊन उठतं.

या मांडणीतून आणखी एक गोष्ट कळते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. कमिशन किमतीच्या दोन टक्क्यांइतकं कमी झालं, तर नगामागे १६ रुपयांप्रमाणे १०० शिपमेंटमागे १,२४८ रुपये जास्त राहतात. ग्राहकाकडून परत येणारा माल बारावरून सहावर आला, तर टिकलेले नग ८४ होतात, परत आलेल्या १६ पैकी खराब नग ३ धरले तर शिल्लक २,७२८ वरून साधारण ४,५८४ वर जाते. विक्री आठ टक्क्यांहून कमी वाढली, शिल्लक मात्र ६८ टक्क्यांनी. दुकानदार कमिशनवर तासन्‌तास वाद घालतात, पण ते त्यांच्या हातात नसतं. रिटर्न बऱ्यापैकी त्यांच्या हातात असतात.

कपड्यांचे रिटर्न मुख्यतः तीन कारणांनी येतात: माप, रंग आणि कापडाचा पोत. ‘एम’, ‘एल’ लिहून भागत नाही, कारण प्रत्येक कारखान्याचा ‘एम’ वेगळा असतो. कुर्ता सपाट ठेवून छाती, कंबर, घेर, खांदा, बाही आणि लांबी टेपने मोजा आणि इंचांत लिहा. शिवलेल्या कपड्याचं माप आणि अंगाचं माप वेगळ्या रकान्यांत द्या. दोन्ही एकात मिसळली की रिटर्न उलट वाढतात. नवा लॉट आला की प्रत्येक साइजचा एक नग पुन्हा मोजायचा, कारण त्याच डिझाइनचा पुढचा लॉट अर्धा इंच लहान येणं ही नेहमीची गोष्ट आहे. रंगासाठी एक तरी फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढलेला, बिनफिल्टरचा हवा. दुकानातल्या पिवळट दिव्याखाली मोरपिशी हिरवा दिसतो आणि मग ‘रंग वेगळा निघाला’ म्हणून माल परत येतो. कापड पातळ असेल, अस्तर नसेल, तर तसं स्पष्ट लिहा. चार ऑर्डर कमी येतील, त्या तशाही परतच येणार होत्या.

दर आठवड्याला रिटर्नची कारणं डिझाइनवार बघा. बहुतेक दुकानांत रिटर्नचा मोठा वाटा थोड्याच डिझाइनचा असतो. एखादा कुर्ता पन्नास ऑर्डरनंतरही तीनात एक परत येत असेल, तर तो ऑनलाइनवरून काढून काउंटरवर विका. हातात घेऊन, अंगाला लावून बघितला की तोच कुर्ता निमूट खपतो.

आरटीओचा प्रश्न निराळा आहे. मोठ्या बाजारावर आरटीओचं कुरिअर तुमच्यावर पडतं की नाही, हे त्यांच्या शुल्कपत्रकात बघा. स्वतःच्या वेबसाइटवरून पाठवत असाल, तर जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही पैसे तुमचेच. तिथे कॅश ऑन डिलिव्हरी सरसकट चालू ठेवू नका. ऑर्डर आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता आणि साइज पक्का करून घ्या, उत्तर आल्याशिवाय पार्सल बांधू नका आणि आगाऊ पैसे भरणाऱ्याला ३०-४० रुपयांची सूट द्या. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क लागत नाही, त्यामुळे क्यूआरवर थेट घेतलेल्या पैशांत ती सूट परवडते.

कुरिअरच्या बिलातली गळती पुष्कळांना दिसतच नाही. कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन काढण्याची रूढ रीत म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं. साडेतीनशे ग्रॅमचा कुर्ता ३० बाय २५ बाय १० च्या खोक्यात घातला तर तो दीड किलोचा धरला जातो. तोच पिशवीत तीन सेंटिमीटर जाडीत बसवला तर ०.४५ किलो, म्हणजे अर्ध्या किलोच्या आत. प्रत्येक प्रकारच्या पार्सलचा काट्यावर ठेवलेला आणि टेप लावलेला फोटो काढून ठेवा; वजनाचा वाद झाला की त्यावरच निकाल लागतो. परत आलेलं पार्सलही कॅमेऱ्यासमोर उघडा, लेबलपासून आतल्या नगापर्यंत एकाच सलग चित्रीकरणात. बदललेला किंवा वापरलेला माल आला, तर दावा करायची मुदत थोड्या दिवसांची असते. महिन्यातून एकदा सगळी पार्सलं एकदम उघडणाऱ्याचे दावे त्या मुदतीबाहेर जातात.

आता जीएसटीकडे येतो, कारण इथे दुकान असलेल्या माणसाला एक फायदा आहे आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्यांवर १८ टक्के दर आहे. पण कमिशन, कुरिअर, जाहिरात या सेवांवर १८ टक्के. वरच्या कुर्त्यावर तुम्ही ग्राहकाकडून ३८ रुपये कर घेता. खरेदीवर १९ भरलेले असतात आणि २२५ रुपयांच्या शुल्कांवर साडेचाळीस. म्हणजे नगामागे २१ रुपयांहून जास्त क्रेडिट (आधीच भरलेला, पुढच्या करातून वळता करता येणारा कर) उरतं. जाहिरातीवरचा कर धरला तर तीसच्या वर. हे क्रेडिट नुसतं साचत राहतं. कमी दराच्या मालामुळे साचलेल्या क्रेडिटचा जो परतावा मिळतो, त्यात सेवांवरचा कर धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही तरतूद कायम ठेवली. नुसतं ऑनलाइन विकणाऱ्याच्या नगामागे शिल्लक ३५ आणि अडकलेलं क्रेडिट तीसच्या वर, अशी गत होते. तुमचं काउंटर त्याच जीएसटी नंबरवर असेल, तर काउंटरवरच्या प्रत्येक कुर्त्यामागे जे १९ रुपये रोख भरावे लागतात, ते या क्रेडिटमधून वळते करता येतात. म्हणून ऑनलाइनसाठी वेगळी फर्म काढण्याआधी सीएला हा हिशेब समोर मांडून विचारा.

हिशेबाच्या वहीत आणखी एक चूक सर्रास होते: बँकेत जमा झालेली रक्कम हीच विक्री म्हणून नोंदवणं. बाजाराकडून येणारे पैसे कमिशन, कुरिअर, जाहिरात, मागचे रिटर्न कापून येतात. शिवाय टीसीएस, म्हणजे बाजाराने विक्रीवर आधीच कापून घेतलेला जीएसटी, जो १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे, आणि आयकराचा टीडीएस, म्हणजे आगाऊ कापलेला आयकर, जो १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे, हेही कापले जातात. विक्री पूर्ण ७६१ दाखवायची, शुल्क खर्चात टाकायचं, रिटर्न क्रेडिट नोटने, म्हणजे विक्री परत आल्याच्या कागदाने, वजा करायचे. बाजार आपल्या विवरणात तुमची पूर्ण विक्री सरकारला कळवतो. तुमच्या वहीत कमी दिसली की नोटीस येऊ शकते. टीसीएसची रक्कम जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारल्याशिवाय तिथल्या तुमच्या रोख खात्यात येत नाही, हेही दर महिन्याला आठवणीने करायचं काम आहे. बाजाराच्या भिवंडीतल्या गोदामात माल ठेवत असाल, तर तो पत्ता तुमच्या महाराष्ट्राच्या नोंदणीत जादा व्यवसायस्थळ म्हणून जोडा. गोदाम दुसऱ्या राज्यात असेल तर तिथली स्वतंत्र नोंदणी लागते.

खेळतं भांडवल हा सगळ्यात शांतपणे वाढणारा भार. काउंटरवर कुर्ता विकला की पैसे त्याच वेळी गल्ल्यात. ऑनलाइनवर माल पोचायचा, रिटर्नची मुदत जायची, मग पैसे. हा काळ सरासरी २० दिवसांचा धरला आणि रोज २५ शिपमेंट असतील, तर २५ गुणिले ३८० गुणिले २०, म्हणजे १ लाख ९० हजारांचा माल कायम रस्त्यावर आणि मुदतीत. घाऊकवाल्याची उधारी तीस दिवसांची असेल तर हे झेपतं. रोखीने घेत असाल, किंवा दिवाळीआधी एकदम तिप्पट ऑर्डर आल्या, तर काउंटरसाठीच्या खरेदीचे पैसे इकडे ओढले जातात आणि ऐन हंगामात दुकानातले साइज तुटतात. नुकसान ऑनलाइनचं, पण दिसतं काउंटरच्या विक्रीत.

दिवाळीचा महिना म्हणूनच फसवा असतो. ऑर्डर ऑक्टोबरच्या, रिटर्न नोव्हेंबरमध्ये. महिन्यावार बघितलं तर एक महिना झकास आणि पुढचा भिकार दिसतो, आणि दोन्ही खोटे. ज्या तारखांना ऑर्डर आल्या त्यांचा गठ्ठा धरा आणि त्या गठ्ठ्याचे सगळे रिटर्न येऊन गेल्यावरच, साधारण ४५ दिवसांनी, नफा काढा.

साठ्याबद्दल थोडं सविस्तर, कारण कामगिरी बिघडते ती बहुधा इथून. एक डिझाइन, चार रंग, पाच साइज म्हणजे वीस वेगळे नग. प्रत्येकाला स्वतंत्र कोड आणि बारकोड हवा. ५० बाय २५ मिलिमीटरचं छोटं लेबल पुरतं. दुकानात विकलेला नग त्याच क्षणी बिलिंगमध्ये स्कॅन झाला पाहिजे. रात्री बसून वहीतून उतरवला, तर मधल्या वेळात तोच नग ऑनलाइन विकला जातो, ऑर्डर रद्द करावी लागते, आणि रद्द केलेल्या ऑर्डरींनी तुमचं मानांकन घसरून माल शोधयादीत खाली जातो. सुरुवातीला प्रत्येक साइजचा शेवटचा एक नग ऑनलाइन दाखवूच नका. रोज सकाळी वीस कोड निवडून मोजा आणि संगणकातल्या आकड्याशी ताडून बघा. वीसपैकी एकोणीस जुळायला लागले की राखून ठेवलेला नगही ऑनलाइन सोडायला हरकत नाही.

एवढी शिस्त बसली की ई-कॉमर्सचा खरा फायदा दिसू लागतो, आणि तो बहुतेकांच्या अपेक्षेहून वेगळ्या ठिकाणी असतो. दादरच्या दुकानात एम आणि एल उडतात. एक्सएस, थ्रीएक्सएल आणि एखादा न चाललेला रंग रॅकवर पडून राहतो, शेवटी सेलमध्ये पडेल भावाने जातो. दुकानात येणाऱ्यांत त्या साइजचं गिऱ्हाईक दिवसाला एखादं असेल, देशभरात ते पुष्कळ आहे. हाच तुटक माल पूर्ण किमतीच्या जवळपास ऑनलाइन निघाला, तर साठा वर्षातून जास्त वेळा फिरतो, रॅक मोकळा होतो आणि मुंबईच्या भाड्यात त्या रॅकच्या जागेला किंमत आहे. हा फायदा ऑनलाइनच्या खात्यात दिसत नाही. दुकानाच्या सेलमधल्या कमी झालेल्या तोट्यात दिसतो. दुसरा फायदा खरेदीतला. लोक काय शोधतात, कोणत्या साइजला ‘शिल्लक नाही’ दिसल्यावर परत जातात, हे पॅनेलवर कळतं. ते बघून हिंदमाता किंवा मंगलदास मार्केट या मुंबईतल्या कापडबाजारांत पुढचा माल घेतला, तर काउंटरचाही खप सुधारतो.

आता तोट्याची एक बाजू. ऑर्डरींचे पिनकोड काढून बघा. मुंबईच्या, म्हणजे ४०० ने सुरू होणाऱ्यांचा, त्यातही ४०००२८ (दादर पश्चिम) आणि आसपासच्यांचा वाटा मोठा असेल, तर तुमचंच गिऱ्हाईक बाजाराच्या वाटेने तुमच्याकडे येतंय आणि तुम्ही त्याच्यावर कमिशन भरताय. या गिऱ्हाइकासाठी गूगलवरची दुकानाची मोफत नोंद नीट करा: वेळ, आठवडी सुट्टी, ताजे फोटो, गल्लीची खूण. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग ठेवा, यूपीआयवर पैसे घ्या आणि माहीम-माटुंगा-परळपर्यंत दुचाकीवाल्याकडून त्याच दिवशी पोचवा. कमिशन नाही, आणि साइज बदलायला माणूस बहुधा दुकानातच येतो, तेव्हा आणखी एक नग घेऊन जातो. छोट्या मुंबईकर दुकानाने सुरुवात इथून करावी आणि मोठ्या बाजारावर नंतर जावं, असं माझं ठाम मत आहे. उलट क्रमाने गेलेल्यांनी आता तरी ही बाजू उभी करावी.

दोन्हीकडे भाव वेगळा असला की काउंटरवर मोबाइल पुढे येतो आणि ऑनलाइनचा कमी भाव मागितला जातो. यावर उपाय म्हणजे माल वेगळा ठेवणं. ऑनलाइनवर जोडी किंवा ओढणीसह सेट, काउंटरवर सुटा कुर्ता. तोच नग दोन्हीकडे ठेवायचा असेल तर किंमत एकच ठेवा.

पावसाळ्याची आणि गणपतीची तयारी पॅनेलवर आधीच करून ठेवावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये हिंदमाताला पाणी भरलं की पिकअपची गाडी येत नाही, आणि उशिराचा दंड आपोआप लागू शकतो. त्या महिन्यांत पाठवण्याची मुदत एक दिवसाने वाढवा, पिकअप दुपारच्या आत मागा आणि कागदी खोक्याऐवजी आत प्लास्टिकचं अस्तर असलेली पिशवी वापरा. गणपतीत दादर-लालबागच्या गल्ल्यांत गाडी शिरणं कठीण, म्हणून गर्दीच्या दिवसांची सुट्टी पॅनेलवर आधी टाका.

बंद करावं का, हे सगळ्या दुकानाबद्दल एकदम ठरवू नका. मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरींचे डिझाइनवार गठ्ठे करा आणि वरच्या रीतीने प्रत्येकाची शिल्लक काढा. जिथे जाहिरात आणि रिटर्न धरून शून्याखाली येतं, त्या डिझाइनची जाहिरात आधी थांबवा. जाहिरात थांबवूनही तोटा असेल तर भाव ३०-४० रुपयांनी वाढवून महिनाभर बघा. तरीही नाही निघालं तर ते डिझाइन काढा. तुटक साइजना मात्र हा नियम लावू नका, कारण त्यांची तुलना खरेदी किमतीशी नाही, सेलमध्ये मिळणाऱ्या भावाशी करायची. हे करून ऑर्डर निम्म्यावर आल्या आणि शिल्लक तेवढीच किंवा जास्त राहिली, तर वेगळ्या पॅकिंगवाल्याची गरजही संपेल आणि रस्त्यावर अडकलेल्या १ लाख ९० हजारांपैकी निम्मे काउंटरच्या खरेदीसाठी मोकळे होतील. यंदाच्या दिवाळीचा माल त्यातून भरा.